घर बांधायचे ते सावडीने



यंदा फेब्रुवारीत घाटंजी तालुक्यातल्या एका गावी कापसाच्या भावावर बैठक झाली. भाषणे झाली, चहा झाला, पोरे सतरंज्या गुंडाळू लागली, तरी एक जोडपे मागे थांबून राहिले. पाच एकर कोरडवाहू. कापूस, त्यात तुरीची तासे आणि घरापुरती ज्वारी. नवरा म्हणाला, "भाऊ, घरकुलाच्या यादीत नाव लागलं. पण ठेकेदार म्हणते, अनुदान आलं का ते मले द्या, अन् वरून दीड लाख द्या. दीड लाख कुठून आणू?" मी तोंड उघडायच्या आत बायको बोलली, "आमी दोघांनीच बांधलं तं? माहा भाऊ चार वर्सं मिस्त्रीच्या हाताखाली होता. विटा उचलाले मी हाय ना."

बोंडअळीचा प्रश्न असता तर उत्तर जिभेवर होते. घराचे नव्हते. "पुढच्या खेपेला सांगतो," असे म्हणून मी मोटारसायकलला किक मारली. रस्ताभर त्या बाईचा प्रश्न काही पाठ सोडीना.

या पत्रकातली माझी जागा एरवी भाव, आयात आणि कर्ज यांवर खर्ची पडते. या खेपेला ती घरावर खर्च करतो. कारण ज्या घरात कर्ज शिरले त्याची चौकशी करत गेले की तीनच दारे दिसतात: दवाखाना, लग्न आणि घराचे बांधकाम. पहिल्यावर आपला इलाज नाही. दुसऱ्यावर सगळे बोलतात आणि कोणी ऐकत नाही. तिसऱ्यावर कोणी बोलतच नाही.

आधी माझी गोष्ट सांगतो, म्हणजे मला उपदेशाचा अधिकार किती ते कळेल. नोकरीत असताना मी जिल्ह्याच्या गावी घर बांधले. एका ठेकेदाराला एकरकमी काम दिले. काळ्या मातीचे गुण मी वर्गात पाठ केले होते. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, कमरेइतक्या खोल भेगा पडतात. परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळाले होते. ठेकेदाराने अडीच फुटांवर पाया थांबवला तेव्हा मी तिथेच उभा होतो. मुरूम लागलेला नव्हता. तो म्हणाला, "साहेब, इकडे सगळ्यांचा एवढाच घेतो." मी गप्प बसलो. तिसऱ्या पावसाळ्यानंतर स्वयंपाकघराची भिंत कोपऱ्यातून अशी उलली की फटीत पोस्टकार्ड सरकावे. आमच्या सौ. आजही पाहुण्यांना ती फट दाखवतात आणि म्हणतात, "ह्यांची पदवी इथून गेली."

तेव्हा घर दुसऱ्याच्या हाती देऊन टाकले म्हणजे ते चांगले होते, या समजुतीतून मी तरी बाहेर आलो आहे.

आता हिशेब पाहा. २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलासाठी सपाट भागात १ लाख २० हजार रुपये ठरले. शौचालयाचे १२ हजार वेगळे, आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फूट. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,१६० रुपये क्विंटल होता. म्हणजे अनुदान म्हणजे २९ क्विंटल कापूस. एकरी चार क्विंटल धरले तर आपल्या या जोडप्याने पाचही एकरांत कापूसच लावून बोंड न् बोंड विकले असते, तरी तेवढे पैसे हाती आले नसते. खर्च वजा करायची गोष्ट तर लांबच. वर्षभर राबून पाच एकरांतून २६९ चौरस फुटांचे घर निघत नाही, म्हणून ते सरकारकडून मागावे लागते. आणि मिळाले की वर्तमानपत्रात फोटो येतो, लाभार्थी म्हणून! केंद्राचा हा आकडा २०२५ पर्यंत जिथल्या तिथे राहिला. राज्याने २०२५ मध्ये आपल्याकडून ५० हजारांची भर जाहीर केली. तोवर सिमेंट आणि सळईचे भाव कुठे गेले ते तुम्हाला ठाऊक आहे.

पण एक गोष्ट त्या योजनेत चांगली लिहिली आहे. लाभार्थ्याने घर स्वतः बांधायचे, ठेकेदार लावायचा नाही. जुन्या इंदिरा आवास योजनेतही हेच होते. कागदावर सरकार म्हणते, तू बांध. गावात मात्र दलाल सांगतो, तुला जमणार नाही. आणि आपण सरकारवर भरवसा ठेवत नाही हे एक वेळ समजू शकते, पण दलालावर ठेवतो, याला काय म्हणावे?

तर दोघांनी मिळून घर बांधता येते का? मला एका जोडप्याची गोष्ट माहीत आहे, ती सांगतो. ती आपल्याकडची नाही. तरी तिचा एक धागा मुंबईतून गेला आहे.

लॉरी बेकर हा इंग्रज. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मला, घरे बांधण्याचे शास्त्र शिकला. धर्माने ख्रिस्ती, पंथाने क्वेकर. हा पंथ स्वतःला 'मित्रांचा समाज' म्हणवतो. मिळून शांत बसायचे हीच त्यांची प्रार्थना, आणि हत्यार हाती घ्यायचे नाही हा नेम. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात बेकर सैन्यात न जाता जखमींची सेवा करणाऱ्या पथकातून चीनमध्ये गेला. तिथून परतताना जहाजाची वाट पाहत मुंबईत अडकला आणि गांधीजींना भेटला. त्याच्या पायात चिंध्यांपासून हाताने शिवलेले जोडे होते. त्यांवरून बोलणे निघाले म्हणतात. खेड्यातले घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून उभे राहावे, हा गांधीजींचा विचार त्याने तिथे ऐकला आणि जन्मभर सोडला नाही.

१९४५ मध्ये तो परत आला तो कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांच्या इमारती बांधायला. इथे त्याची केरळच्या डॉक्टर एलिझाबेथ जेकब यांच्याशी गाठ पडली. दोन्हीकडच्या लोकांना हे लग्न पसंत नव्हते. दोघे थांबले आणि १९४८ मध्ये लग्न केले. लग्नानंतर हिमालयात पिठोरागडकडे फिरायला गेले. डोंगरात डॉक्टरीण आली आहे हे कळल्यावर आजूबाजूचे आजारी लोक येऊ लागले, आणि फिरायला गेलेली माणसे तिथे पंधरा-सोळा वर्षे राहिली. घर आणि दवाखाना त्यांनी तिथेच उभा केला. बाई रोग्यांना तपासत. नवरा भिंत रचायचा आणि गरज पडली की हात धुऊन बायकोच्या हाताखाली दवाखान्यात उभा राहायचा. सामान तिथलेच: दगड, माती, लाकूड. हात त्यांचे आणि डोंगरातल्या लोकांचे.

या गोष्टीत मला सगळ्यात जवळचे वाटते ते वेगळेच. आपले शिक्षण इथे निरुपयोगी आहे हे बेकरने कबूल केले. माती, शेण, वाळवी, आपला पावसाळा, यातले काहीही त्याला विलायतेत शिकवलेले नव्हते. डोंगरातल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी बांधलेली घरे पाहून तो पुन्हा पहिलीपासून शिकला. मी तालुक्यात प्रथम रुजू झालो तेव्हा एका म्हाताऱ्याने मला पाभरीचे फण कसे धरायचे ते दाखवले होते. त्या दिवशी मला राग आला होता. बेकरला आला नाही, एवढाच फरक.

१९६३ मध्ये दोघे केरळात गेले आणि पुढे तिरुवनंतपुरमला नालांचिरा भागात एका खडकाळ उतारावर त्यांनी स्वतःचे घर बांधले. एकदम नाही. आधी लहानसे, मग जशी गरज पडेल, जसे सामान हाती येईल तसे वाढवत. लोकांनी काढून टाकलेली दारे-खिडक्या, फुटक्या फरश्या, मोडके कवेलू, सगळे त्यात गेले. १९९० मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. १ एप्रिल २००७ ला नव्वदाव्या वर्षी तो गेला, तोवर राहिला त्याच घरात. गरिबांसाठी स्वस्त घरांचे नकाशे काढणारे शहरात पुष्कळ भेटतात. स्वतः त्या घरात राहणारा विरळा. म्हणून या माणसाचे ऐकावेसे वाटते.

आता कोणी म्हणेल, झाले, हे भाऊही मातीच्या घराचे गोडवे गाऊ लागले. नाही. खेड्यातल्या माणसाने कुडाच्या झोपडीत राहावे, ते थंड असते, ते सुंदर असते, असे सांगणाऱ्यांचा मला तुमच्याइतकाच वीट आहे. स्वस्त घराचे कौतुक हा कापसाला भाव न देण्याचा बहाणा होता कामा नये. मी एवढेच म्हणतो की घर पक्के बांधा, पण त्यासाठी बैलजोडी जाऊ देऊ नका आणि पीककर्जाला हात लावू नका.

शिवाय केरळातले उचलून इथे आणले की झाले, असेही नाही. तिकडे पायाखाली खडक आणि जांभा आहे. आपल्या पायाखाली रेगूर आहे. आपल्या पूर्वजांना हे कळत होते. गाव वसवले ते पांढरीवर, नांगर धरला तो काळीत. गावठाण भरून गेल्यावर आपण काळीत घरे बांधायला निघालो आणि तिथे पांढरीचा पाया घालू लागलो. म्हणून सांगतो, मुरूम लागेपर्यंत खणा. तीन फुटांवर लागो की पाचवर. फार खोलवर गेला असेल तर मिस्त्रीच्या अंदाजावर न जाता अभियंत्याला विचारा. रुडकीच्या केंद्रीय संस्थेने अशाच मातीसाठी तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब काढले आहेत. खणलेली काळी माती पुन्हा पायात आणि जोत्यात भरू नका, ती शेतात नेऊन टाका. जोते मुरमाने भरा, थराथराने पाणी मारून धुम्मस करा. जोत्यावर सळईचा पट्टा घरभर सलग फिरवा. भिंतीच्या चारी बाजूंनी बाहेर उताराची फरशी करा आणि मोरीचे पाणी भिंतीशी मुरू देऊ नका. घराची भिंत उलते ती छपरामुळे नव्हे, एका बाजूला ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरड, यामुळे.

मातीदगडाच्या भिंतीचे दुसरे टोकही आपण पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र नुकती सरलेली. लातूर-उस्मानाबादच्या भूकंपात साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली, ती बहुतेक आपल्याच भिंतींखाली आणि माळवदांखाली. रुंद भिंती होत्या, पण आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांत गुंतलेला नव्हता, सांधायला नुसता चिखल, आणि वर दरवर्षी थर चढवून जड झालेली माती. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते, सरळ ओळी, आणि बैल कुठे बांधायचा याचे उत्तर कोणाच्याच नकाशात नाही. उलट ज्या हजारो गावकऱ्यांना पैसे देऊन आपापली घरे जागेवर दुरुस्त करायला सांगितले, त्यांनी मिस्त्री आणि अभियंत्यांच्या सल्ल्याने आरपार दगड घालायचे, छपरावरची माती हलकी करायची, हे आपल्या हाताने शिकून घेतले. स्वतः बांधायचे म्हणजे मनाला येईल तसे बांधायचे असे नव्हे, ते असे.

बेकरची एक युक्ती मात्र आपल्या उन्हाला लागू पडते. वीट आडवी न ठेवता काठावर उभी करून दोन ओळींत रचायची, मधे पोकळी ठेवायची. विटा जवळपास पाव हिश्श्याने वाचतात आणि पोकळीमुळे घर कमी तापते. आपला मिस्त्री आधी हसेल. एक हात उंचीची भिंत नमुन्याला रचून पाहा म्हणावे. (पऱ्हाटीचा कुड घालून तात्पुरती सपरी करणार असाल तर एक सांगतो: बोंडे झडलेली पऱ्हाटी घ्या. त्या वाळक्या बोंडांत गुलाबी अळी झोपलेली असते, ती तुमच्या दारातून पुन्हा शेतात जाईल.)

आता मुख्य गोष्टीवर येतो, हातांच्या. दोघांनी घर बांधता येत नाही. बेकर नवरा-बायकोनेही दोघांनी बांधले नाही. मित्र होते, डोंगरातली माणसे होती. आपल्याकडे याला शब्द होते: सावड, वारंगुळा, इर्जिक. आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. शब्द उरले, माणसे रोजंदारीच्या हिशेबात गेली. जुने दिवस सोन्याचे होते असे मी म्हणत नाही. जुनी सावड आपल्या आळीपुरती आणि जातीपुरती होती. वडार, बेलदार, सुतार यांच्या घामाची किंमत पायलीने मोजली जाई आणि तीही वेळेवर मिळत नसे. ती परत आणायची नाही. पण आळी ओलांडणारी सावड आजवर झालीच नाही म्हणून होणारच नाही, असे थोडेच आहे?

अधिकारी याला श्रमदान म्हणतात. मला हा शब्द खटकतो. गावाचा रस्ता, गावाचा पाझर तलाव, तिथे श्रमदान ठीक. शेतकऱ्याच्या श्रमाचे मात्र येता-जाता दान मागितले जाते. आपल्या बायकापोरांची मजुरी पिकाच्या खर्चात नीट धरावी म्हणून आपण इतकी वर्षे भांडतो, आणि घराच्या जोत्यावर तीच मजुरी फुकट म्हणून सोडून द्यायची? सावड हे दान नाही, ते देणे आहे. त्याची नोंद राहते, ते फिटते, आणि त्याला व्याज नसते.

घाटंजीच्या त्या जोडप्याकडे मी होळीनंतर पुन्हा गेलो. हे सगळे सांगणार होतो. सांगायच्या आधीच काम सुरू झालेले. गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते, दोघे तिथे नेमाने जातात. प्रार्थना संपल्यावर बाईने उभे राहून सांगितले, आम्ही पाया खणतो आहोत, ज्याला जमेल त्याने या, दिवस फेडून देऊ. मी स्वतः फारसा देवाधर्माचा माणूस नाही. पण बैठकीत हात वर करणारे दुसऱ्या दिवशी किती येतात याचा मला अनुभव आहे, म्हणून आकडा मोजला. प्रार्थनेतून पंधराजण आले, दोन दिवस आले, आणि त्यांत तिघे असे होते ज्यांच्या आळीशी या घराचे जेवणाचे व्यवहार नव्हते. झुणका-भाकर सगळ्यांनी एका पंगतीत खाल्ली. कोणी त्यावर भाषण केले नाही. मीही केले नाही.

साडेचार फुटांवर मुरूम लागला. नवऱ्याने तीनवर थांबायचे म्हटले होते. बाई म्हणाली, मुरूम दिसल्याशिवाय मी वर येत नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीची मला आठवण झाली.

तिने पोराच्या शाळेच्या वहीत सावडीचा हिशेब ठेवला आहे. नाव, किती दिवस, आणि पुढच्या रकान्यात फेड कशाने: निंदण, डवरणी, वेचणी. वही मी चाळली. तिच्यात बाईचा दिवस आणि माणसाचा दिवस सारखा धरला आहे. विचारले तर म्हणाली, "टोपलं तं तेवढंच जड असते." १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीत आपल्यापैकी अनेकांनी घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करून दिली. घराचेही करा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर दोघांची नावे लावता येतात. यांनी अर्ज दिला आहे.

अडले आहे ते दुसरीकडेच. मंजुरीपासून बारा महिन्यांत घर पुरे झाले पाहिजे, हप्ते त्याप्रमाणे सुटतात. कोरडवाहू शेतकऱ्याला मोकळे हात मिळतात ते उलंगवाडीपासून मृगापर्यंत. पण एप्रिल-मे मध्ये गावात प्यायला टँकर. मग स्लॅबवर दोन आठवडे पाणी कुठून मारणार? पाणी न मिळालेले काँक्रीट वरून चांगले दिसते आणि आतून भुसभुशीत राहते. तेव्हा एका उन्हाळ्यात जोते करावे, मुरमाला एक पावसाळा बसू द्यावे, दुसऱ्या उन्हाळ्यात भिंती चढवाव्यात, आणि छत विहिरीला पाणी असेल तेव्हा टाकावे. काळ्या मातीत हाच शहाणपणा. योजनेला तो मान्य नाही. तिचे वर्ष मंजुरीच्या तारखेला सुरू होते. जिल्हा बैठकीत या विषयावर ठराव यावा असे मी सुचवतो: कोरडवाहू तालुक्यांत स्वतः घर बांधणाऱ्याला दोन उन्हाळे मिळाले पाहिजेत आणि जोते पुरे झाल्यावरचा हप्ता थांबता कामा नये.

त्या दोघांनी मुदतवाढीचा अर्ज पंचायत समितीत दिला आहे. पोच मिळाली, उत्तर नाही. जोत्यात मुरूम भरणे मृगाच्या आधी संपवायचे आहे आणि त्यासाठी येत्या रविवारी आणि सोमवारी पुन्हा इर्जिक आहे. जे येतील त्यांनी बाईंच्या वहीत नाव लिहावे. फावडी गावात पुरेशी आहेत, घमेली पाचच आहेत, तेव्हा घमेले ज्याने त्याने आपले आणावे.